भंडाऱ्याच्या रंगाचे एकाहत्तर चौकोन

मित्रांनो, माझं वय सात वर्षं. तुमच्यात या वयाला दुधाचे दात पडतात. आमच्यात सरळ म्हातारपण येतं. मी एक जुनी एक्सेल शीट आहे. त्र्याण्णव ओळी, पाच रकाने, आणि नाव विचाराल तर ‘सुरक्षा अंतिम नवीन खरी अंतिम सात’. हसू नका. प्रत्येक वेळी कुणीतरी मनापासून ठरवलं होतं, की आता ही शेवटचीच.

माझा जन्म माधवनगरचा. सांगलीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या सूतगिरणीचं गोदाम आहे, तिथं जयराज नावाच्या माणसाची छोटी कंपनी चालते. पुण्यात दहा वर्षं नोकरी करून तो परत आला आणि म्हणाला, जे तिथं बसून करतो ते इथं बसून का नाही करायचं? ही कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुणाला साखर आहे, कुणाला कुठली गोळी सोसत नाही, कुणाच्या रक्ताच्या तपासणीत काय निघालं, हे सगळं त्यात साठतं. पाटणपासून आष्ट्यापर्यंत अकरा दवाखाने त्यांच्याकडे. म्हणजे बघा, हजारो माणसांनी डॉक्टरच्या कानात सांगितलेलं सगळं या गोदामातल्या एका यंत्रात बंद.

ते चोरीला जाऊ नये, हरवू नये, नको त्याच्या नजरेला पडू नये, म्हणून जगभरच्या जाणत्या माणसांनी नियम करून ठेवले आहेत. त्र्याण्णव नियम. जयराजने एका दुपारी ते माझ्यात उतरवून घेतले आणि मी जन्मले.

नियम ऐकायला मोठे, पण त्यातले निम्मे तुमच्या आईनेसुद्धा सांगितले असते. कुलूप लावून किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगू नये. काम सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करावा. परका माणूस आत आला तर वहीत त्याचं नाव लिहावं. सगळ्या माहितीची रोज एक नक्कल दुसरीकडे ठेवावी, आणि ती नक्कल खरंच उघडते का, हे अधूनमधून उघडून बघावं. सगळं इंग्रजीत होतं. दवाखान्यांचे फोन घेणाऱ्या रेश्माने ते दोन आठवडे खपून मराठीत केलं. कारण मला ज्याच्या हाती द्यायचं ठरलं होतं, त्या बिराप्पाला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

बिराप्पाबद्दल थोडं सांगते. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं माणूस. जतच्या बाजूच्या कोरड्या मुलखातला. बाप मेंढरं राखायचा. बिराप्पा या गोदामाचा राखणदार म्हणून लागला, तेव्हा इथं कॉम्प्युटर नव्हते, सुताचे गठ्ठे होते. पुढे जयराज आला, वायरी आल्या. वायरी जोडणारी पोरं यायची, जोडून जायची, आणि बिराप्पा मागे हात बांधून बघत राहायचा. कुणी त्याला शिकवलं नाही. तीन वर्षांनी एकदा इंटरनेट बंद पडलं, इंटरनेट कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला, तर बिराप्पाने शिडी लावली आणि अर्ध्या तासात चालू करून दिलं. त्या दिवसापासून तो राखणदार राहिला नाही, सगळ्यांचा बिराप्पामामा झाला.

मला त्याच्या हवाली करताना जयराज म्हणाला होता, “मामा, ही त्र्याण्णव मेंढरं. एक हरवायला नको.”

“मेंढरं असती तर सोपं हुतं,” बिराप्पा म्हणाला. “ती वरडत्यात तरी.”

आता माझे रकाने ऐका. नियमाचा क्रमांक, नियम, जबाबदार कोण, झालं का, आणि शेरा. या ‘झालं का’ने माझ्यावर काय काय आणलं, ते पुढे कळेलच. दर शनिवारी जयराज सगळ्यांना घेऊन बसायचा आणि एकेक नियम विचारायचा. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. समोर बसून चहा पाजणाऱ्या माणसाला ‘नाही’ कुणी म्हणतं का? उत्तर ठरलेलं.

“पप्पू, नक्कल उघडून बघितली का?”

“झालं म्हणून समजा, सर.”

की जयराज माझ्यात ‘हो’ लिहायचा. पप्पू म्हणजे सर्व्हर सांभाळणारा, हुशार पोरगा, खोटं बोलणारा अजिबात नव्हे. ‘समजा’ म्हणताना तो मनातल्या मनात सोमवारी करायचंच असं ठरवायचा. पण सोमवारी एखाद्या दवाखान्याचा प्रिंटर बिघडायचा. असं होत होत माझा तो रकाना वरपासून खालपर्यंत ‘हो’ने भरून गेला. त्र्याण्णवच्या त्र्याण्णव.

बिराप्पा कुणाच्या ‘हो’ला हात लावायचा नाही. भांडायचा नाही, टोमणा मारायचा नाही. तो फक्त एक करायचा. कुलपाचा नियम असेल तर जाऊन कुलूप ओढून बघायचा. पासवर्डचा असेल तर पप्पूच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि “दाखीव” म्हणायचा. स्वतःच्या डोळ्यांनी बघून झालं, की येऊन माझ्या त्या ओळीचा चौकोन पिवळा करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा रंगांच्या पेटीत तो बराच वेळ शोधत होता. लिंबू पिवळा नको, सोन्याचा नको. शेवटी हवा तो सापडला. हळदीचा, भंडाऱ्याचा. चौकोन भरला, आणि त्याने दोन बोटं कपाळाला लावली.

त्याच्या मुलखात माणूस शपथ घेतो तेव्हा बिरोबापुढचा भंडारा उचलतो. एकदा उचलला, की ते बोलणं मागे घेता येत नाही. आणि उचललेला भंडारा गावभर सांगत फिरायचा नसतो. तो माणसाचा आणि देवाचा मामला. म्हणून बिराप्पाने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, मामांना रंगवायची हौस आहे. मला तेवढं ठाऊक होतं, की माझ्या अंगावर एकाहत्तर शपथा आहेत.

मग या वर्षी चैत्रात ते घडलं.

साताऱ्याच्या एका मोठ्या इस्पितळाचं काम कंपनीला मिळायच्या बेतात होतं. अट एकच. सुरक्षेचं प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी बाहेरून तपासनीस येणार. जयराजचा पुण्यातला भागीदार आधीपासून म्हणत होताच, की गोदाम बंद कर, सगळं इकडे हलव. आता त्याने स्पष्टच कळवलं. प्रमाणपत्र मिळालं तर माधवनगर राहील. नाहीतर पुणे.

हे ऐकून सगळ्यात जास्त धास्तावली ती संयोगिता. आठ महिन्यांपूर्वी लागलेली. सासर आष्ट्याचं, घरचा ऊस, नवरा फौजेत, दूर कुठेतरी थंडीत. सकाळी सासूच्या हाताखाली भाकरी थापून ती एसटीने सांगली गाठायची आणि साडेनवाला खुर्चीवर असायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी मिळालेली ही पहिली नोकरी. पुण्याला जाणं तिला जमण्यातलं नव्हतं. ऑफिस गेलं की तिची खुर्ची गेली, इतकं ते साधं होतं.

आणि काम तिच्याच वाट्याला आलं. जयराज म्हणाला, “ही शीट आता कुणाला दाखवायची लाज वाटते. सगळं ट्रॅकरमध्ये घे.”

ट्रॅकर म्हणजे कामांचा फलक हो. एकेक काम म्हणजे एकेक तिकीट. कुणाचं, कधीपर्यंत, कुठवर आलं, सगळं त्यावर दिसतं. काम सरकेल तसं तिकीट डावीकडून उजवीकडे सरकतं, ‘करायचं’, ‘चालू’, ‘पूर्ण’. देखणी गोष्ट आहे, मी मत्सराने बोलत नाही.

मला तिथं न्यायचं, तर आधी माझी एक प्रत काढून ती मोकळी करावी लागते. ऑपरेशनला नेताना बाईच्या अंगावरचं सगळं उतरवून घेतात ना, बांगड्या, जोडवी, कानातलं, तसंच. रंग गेला, रेघा गेल्या, ठळक अक्षरं गेली. उरले नुसते शब्द आणि मध्ये मध्ये स्वल्पविराम.

संयोगिताचं काम बघत राहावं असं. सगळं एकदम ओतण्याची घाई तिने केली नाही. आधी पाचच ओळी नेऊन बघितल्या. तर फलकावर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं!

“अगं बया,” रेश्मा म्हणाली, “नियमांनाच प्रश्न पडल्यात.”

संयोगिताने अक्षरांची गाठ कुठे अडकली ते शोधून सोडवली. परत पाच ओळी. आता एका नियमाचे तीन तुकडे होऊन तीन तिकिटं झाली, कारण वाक्यातल्या स्वल्पविरामालाच यंत्र कुंपण समजलं. तिने त्र्याण्णव वाक्यांना एकेक करून अवतरणचिन्हं घातली. प्रत्येक नियमाला स्वतःचा क्रमांक बांधला, म्हणजे चुकून दोनदा नेलं तरी जुळी व्हायला नकोत. ‘जबाबदार’मधलं नाव खऱ्या माणसाला जोडलं. आणि ‘झालं का’मध्ये ‘हो’ असेल, तर तिकीट ‘पूर्ण’मध्ये जाईल असं लावलं. शीटमध्ये जे लिहिलं होतं तेच तिने मानलं. तिचं काय चुकलं?

बिराप्पा तेव्हा गावच्या जत्रेला गेला होता. तिकडे त्याचा फोन लागत नाही, लागला तरी ढोलाच्या आवाजात ऐकू येत नाही.

गुरुवारी दुपारी तिने बटण दाबलं. त्र्याण्णव तिकिटं फलकावर गेली आणि सगळीच्या सगळी उजवीकडच्या टोकाला जाऊन बसली. वर एक हिरवं वर्तुळ पूर्ण भरलं. शंभर टक्के.

जयराज खुर्चीवरून उठला. “बाई, कमाल केलीस तू!” लगेच भडंग आलं, चिरलेला कांदा आला. रेश्मा तोंडात बकाणा भरून म्हणाली, “आमच्या घरची भांडी बी एका दमात अशी पूर्ण व्हत न्हाईत.”

सगळे हसले. संयोगिताही हसली. पण ती पुन्हा जागेवर बसली आणि मला आणि फलकाला शेजारी शेजारी उघडून ओळ न् ओळ पडताळायला लागली. तपासायला कुणी सांगितलं नव्हतं. पण घरून निघताना गॅस बंद केला तरी परत येऊन बघणाऱ्या बायका असतात, ती त्यातली. आणि तिला पिवळं दिसलं.

“रेश्माताई, हे काही चौकोन पिवळे का आहेत?”

“मामांची हौस गं. माझ्या तरी बघण्यात पहिल्यापासनं आहेत.”

“हौस असती तर सगळे केले असते,” संयोगिता म्हणाली. तिने मोजले. एकाहत्तर.

शुक्रवारी सकाळी बिराप्पा आला. कपाळावर, कानामागे, सदऱ्याच्या खिशावर भंडारा तसाच. प्रसादाचा पुडा त्याने रेश्माच्या टेबलावर ठेवला आणि फलकासमोर उभा राहिला. मागे हात बांधून. बराच वेळ.

“मामा, कसं दिसतंय?” जयराजने आतून विचारलं.

“दिसतंय ब्येस,” बिराप्पा म्हणाला, आणि बाहेर जाऊन जनरेटर पुसत बसला. तो आधीच लख्ख होता.

संयोगिता त्याच्या मागोमाग गेली. “मामा, काय चुकलं माझं?”

“तुमचं न्हाई वो ताई.”

“मग कुणाचं?”

तो फडकं पिळत राहिला. ती उभीच. शेवटी तिने सरळच विचारलं, “ते पिवळे एकाहत्तर. बाकीचे बावीस का नाहीत?”

त्याने तिच्याकडे बघितलं. सात वर्षांत हे विचारणारं ते पहिलं माणूस.

“ते म्या बघितल्याले न्हाईत,” तो म्हणाला.

“पण शीटमध्ये तर ‘हो’ आहे.”

“हो तर समद्यांनीच म्हटलंय. आमचा बा संध्याकाळी मेंढरं मोजायचा. माज्या भावानं मोजल्याली असली तरी परत मोजायचा. भावावर इस्वास न्हवता असं न्हाई. मोजल्याबिगार त्येला जेवान जायचं न्हाई.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून, “त्यो पिवळा म्हंजी म्या उचलल्याला भंडारा हाय, ताई. बाविसाचा उचलला न्हाई.”

संयोगिता तिथंच पायरीवर बसली. मला आत राहूनही कळलं, तिच्या काय लक्षात आलं ते. तिने मला नेलं, त्या नेण्यात माझा रंग गळला, आणि रंगातच खरं काय ते होतं.

ती जयराजकडे गेली. दार उघडंच असतं त्याचं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

“सर, बावीस तिकिटं परत उघडायला लागतील.”

“सोमवारी तपासनीस बाई येतायत, संयोगिता.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच नको!” जयराज म्हणाला. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. “आज शंभर टक्के दिसतंय. त्या जातील, मग मंगळवारी आपण सगळे बसून एकेक करून टाकू. आत्ता बावीस उघडली आणि प्रमाणपत्र हुकलं, तर काय होईल माहीत आहे ना? तू रोज आष्ट्याहून पुण्याला येणार आहेस का?”

खरंच होतं ते. बावीस तिकिटांना हात लावला नाही तर तिची खुर्ची बहुतेक वाचत होती.

“एक बघू या, सर,” ती शेवटी म्हणाली. “बावीसपैकी एकच. ते बरं निघालं तर मी गप्प बसते.”

“कुठलं?”

“नक्कल उघडून बघायचं.”

पप्पू खुर्ची फिरवून म्हणाला, “आवं ताई, नक्कल रोज व्हतीय. रोज मेल येतोय मला, ‘यशस्वी’ म्हणून.”

“उघडून बघितलीस कधी?”

“चालू हाय म्हटल्यावर उघडायची कशाला?”

“दाखीव,” बिराप्पा दारातून म्हणाला, आणि त्याने पप्पूच्या शेजारी खुर्ची ओढली.

पप्पूने कालची नक्कल एका रिकाम्या कॉम्प्युटरवर उघडायला लावली. पाटणच्या दवाखान्याची. सगळे मागे उभे. यादी उघडली. पेशंट शून्य. पप्पू म्हणाला, चुकून दुसरी उघडली. परवाची उघडली. शून्य. आष्ट्याची उघडली. शून्य. गेल्या महिन्यातली. शून्य. तो मागे मागे जात राहिला. पेशंट सापडले ते थेट पौषातले.

“संक्रांतीला आपण नवी डिस्क बसवली,” पप्पू हळूच म्हणाला. “सगळी माहिती तिकडं हलवली. आन् नक्कल करणाऱ्याला सांगायचंच राहिलं. त्यो रोज जुन्या, रिकाम्या जागंची नक्कल करतोय. रोज. यशस्वी.”

कुणी त्याला रागावलं नाही. तीन महिने अकरा दवाखान्यांची माहिती एकाच यंत्राच्या जिवावर होती. ते यंत्र एखाद्या दुपारी जळलं असतं, तर पाटणच्या खोऱ्यातल्या एखाद्या बाईला कुठली गोळी सोसत नाही, हे डॉक्टरला सांगायला काहीही उरलं नसतं.

जयराज खाली बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड पुसलं. “उघड,” तो संयोगिताला म्हणाला. “बावीसच्या बावीस उघड. पुणं तर पुणं.”

मित्रांनो, मी पुष्कळ हुशार माणसं बघितली. पण घाबरलेलं असताना शहाणं होणारं माणूस बघायला मिळणं, हे माझ्यासारखीला फार झालं.

पप्पूने आधी नक्कल दुरुस्त केली, आणि बिराप्पाच्या शेजारी बसून उघडून दाखवली. मग शनिवारी दिवसभर संयोगिता आणि बिराप्पा मला घेऊन बसले. रंग गळतो म्हटल्यावर तिने त्या रंगाचेच शब्द करायचं ठरवलं. मला दोन नवे रकाने मिळाले. ‘कुणी बघितलं’ आणि ‘कधी बघितलं’. म्हातारपणी दोन दागिने म्हणा ना! पिवळ्या ओळी तिने रंगावरून वेगळ्या काढल्या, आणि एकेक विचारायला लागली.

“मागच्या दाराचं कुलूप?”

“बेंदराच्या आदल्या दिशी.”

“तारीख सांगा की, मामा.”

“क्यालेंडर तुमच्यापाशी हाय, बेंदूर माज्यापाशी. तुमी जुळवा.”

ती हसत बैलांच्या सणाची तारीख काढून जुळवायची. बिराप्पाला एकाहत्तरांतली एकही गोष्ट आठवावी लागली नाही. त्या त्याला नुसत्या ठाऊक होत्या. कुठल्या दिवशी कृष्णेला पाणी चढलं होतं, कुठल्या दिवशी पप्पूच्या बहिणीची सुपारी फुटली होती. फक्त एका ओळीपाशी तो थांबला. आग विझवायच्या नळकांड्यांचा नियम.

“हे म्या गेल्या जत्रंच्या आधी बघितल्यालं. वरीस उलटलं की.” त्याने मान हलवली. “काढा ह्येचा पिवळा.”

“मामा, बघितलंय ना एकदा? राहू दे.”

“शिळं झालं ते, ताई. काढा.”

असे सत्तर राहिले आणि तेवीस उघडे झाले. तिने मला पुन्हा मोकळं केलं, पुन्हा आधी पाच ओळी, मग सगळ्या. क्रमांक बांधलेले होते म्हणून जुनीच तिकिटं नीट झाली, नवी जुळी झाली नाहीत. हिरवं वर्तुळ एका बाजूने मोकळं झालं आणि उघड्या दारासारखं दिसायला लागलं. प्रत्येक उघड्या तिकिटावर एका माणसाचं नाव आणि एक तारीख. नक्कल दुरुस्त झाली तरी तिचं तिकीट तिने उघडंच, सगळ्यात वर ठेवलं, लपवलं नाही. आत लिहिलं, काय झालं होतं, कधीपासून, कुणाला सापडलं, काय केलं.

सोमवारी तपासनीस बाई आल्या. साधी साडी, मोठा चष्मा, आणि चहा नको म्हणणाऱ्या. त्यांनी फलक बघितला. मग ‘पूर्ण’मधलं एक तिकीट डोळे मिटल्यासारखं उचललं. “हे कुणी बघितलं?”

“म्या,” बिराप्पा म्हणाला.

“मला दाखवता?”

त्याने दाखवलं. बाईंनी अशी चौदा तिकिटं उचलली. चौदा वेळा तो उठला, गेला, दाखवलं. पंधराव्याला त्याच म्हणाल्या, “असू द्या.” मग नकलेच्या तिकिटावर आल्या. जयराज खुर्चीच्या टोकाला सरकला.

“ही चूक तुम्हाला कशी सापडली?”

संयोगिताने सगळं सांगितलं. स्वतःच्या हातून पहिल्यांदा काय झालं, तेही. बाईंनी लिहून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

“चूक मोठी आहे,” त्या म्हणाल्या. “ती मी अहवालात लिहिणार. सहा आठवडे देते. या वेळात तेवीसच्या तेवीस बंद झाली पाहिजेत, आणि नक्कल माझ्यासमोर उघडून दाखवायची. आज प्रमाणपत्र नाही.” उठता उठता थांबल्या. “या महिन्यात शंभर टक्के पूर्ण असलेली तीन ऑफिसं बघितली मी. तिथं कुणाला काय विचारावं तेच कळत नव्हतं. इथं निदान कळलं.”

सहा आठवडे. ते दिवस मी माझ्या जागेवरून बघितले, कारण काम आता माझ्यात होत नव्हतं, फलकावर होत होतं. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. एकेक तिकीट उजवीकडे सरकायचं, पण सरकायच्या आधी कुणीतरी दुसऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचं. पप्पू रेश्माचं बघायचा, रेश्मा जयराजचं. एकदा तर रेश्माने मालकाचंच तिकीट परत पाठवलं. “सर, पासवर्ड कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय तुमी. काचेतनं दिसतंय की वो!”

बाई परत आल्या, तेव्हा पप्पूने त्यांच्यासमोर नक्कल उघडली. यादी भरली. बाईंनी मधलंच एक नाव निवडलं आणि रेश्माने पाटणच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडून नर्सने त्यांच्या कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवलं. इकडे पप्पू बोट ठेवून बघत होता. रक्तगट, गोळ्या, शेवटची तपासणी. शब्द न् शब्द तोच.

प्रमाणपत्र आलं. साताऱ्याचं काम आलं. पुण्याच्या भागीदाराला जयराजने फोन करून इतकंच सांगितलं, की गोदामाचं छप्पर पावसाआधी दुरुस्त करून घेतो. संयोगिताने आष्ट्याला फोन लावला आणि म्हणाली, “आत्या, नोकरी राहिली.” पलीकडून सासूने काय विचारलं कोण जाणे, पण ती म्हणाली, “व्हय, हितंच. येताना दळण घेऊन येते.”

मी आता फक्त वाचण्यापुरती आहे. माझ्यात कुणाला काही लिहिता येत नाही. फलकाचं काम माझ्याहून चांगलं चालतं, आणि चालायलाच हवं. नव्याने जुन्याची जागा घेतली म्हणून रडणाऱ्यांतली मी नाही. जयराज मला काढूनच टाकणार होता. संयोगिता नको म्हणाली, कारण विचारलं तर म्हणाली, “अजून कुठला रकाना आपल्याला वाचता आला नसेल, सांगता येतं का?”

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, आमच्यासारख्या पुष्कळ जुन्या गोष्टी नव्या घरी न्याल. वही असेल, यादी असेल, कुणाचा तरी डबा असेल. अवश्य न्या. पण उचलण्याआधी, ती रोज ज्याच्या हातात होती त्या माणसाला शोधा. तो जनरेटर पुसत बसला असेल, तर जवळच्या पायरीवर बसा. त्याने लगेच सांगितलं नाही, तर आणखी थोडं बसा.